बुधवार मीच निवडला

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा नवऱ्याने अंदमानचा विषय काढला, आणि मी हो म्हणायच्या आत पुढचं वाक्य टाकलं, "ताईलाही नेऊ."

"आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला?"

"तिने कधी बेट पाहिलंय का? सगळं आयुष्य धागे कापत बसली."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. सगळे त्यांना ताई म्हणतात, मी वन्सं म्हणते. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "ताई मी माझ्या भावाची. तुझी नाय." तेव्हापासून मी हा जुना शब्द धरला. आता तो कुणी वापरत नाही. मला मात्र सोयीचा पडला. त्यात मान पुरेपूर असतो आणि माया लागत नाही.

त्यांची बाजूही सांगायला हवी. माझ्या सासरचं गाव बारवी धरणाच्या अंगाला, भातशेतीचं. नवरा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. वन्सं तेव्हा पंधराच्या. त्यांनी शाळा सोडली, चूल घेतली आणि या पोराला वाढवलं. त्याच्या शिक्षणापायी स्वतःचं लग्न लांबवलं. मग उल्हासनगर कॅम्प एकमध्ये दिल्या गेल्या, सात वर्षांत विधवा झाल्या, मूलबाळ नाही. एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात शिवून आलेल्या पॅन्टींचे धागे कापायचं काम त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. शेठच्या घरचा दाल-पकवान त्या बोटं चाटून खायच्या आणि त्याचं कौतुक आमच्या हॉलमध्ये बसून करायच्या.

आमच्या घरी मात्र त्यांचा उपास असायचा. सोमवारी आल्या तर सोमवार, मंगळवारी आल्या तर चतुर्थी, गुरुवारी दत्ताचा. काहीच नसलं तर पित्त. मी अंबरनाथची. माझे वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते, आमच्या घराने आजोबांच्या काळात धम्माची दीक्षा घेतलेली. नवरा आणि मी एकाच कंपनीच्या बसमध्ये भेटलो आणि रजिस्टर लग्न केलं. वन्सं आल्या, सही होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि जेवायच्या आधी निघून गेल्या.

मुलीच्या बारशाला माझ्या आईने पहाटे उठून करंज्या केल्या होत्या. तिने ताट स्वतः वन्संपुढे नेलं. वन्संनी ते दोन बोटांनी मागे सारलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "तुमच्या हातचा आमच्यात चालत नाय." आई हसली. ताट उचलून आत गेली आणि ओट्याशी पाठ करून बराच वेळ उभी राहिली. ती पाठ मी विसरले नाही, विसरायची इच्छाही नव्हती.

तर अशा बाईला घेऊन मला बेटावर जायचं होतं. बेत ठरवण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं, कारण घरात डोंगर चढणारी मीच. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. चाळिशीनंतर तिथल्या मैत्रिणींबरोबर ट्रेकिंगला लागले. समुद्रकिनाऱ्यावर नुसतं लोळायला मला जमत नाही, म्हणून मी म्हटलं, एक दिवस गाइड घेऊन जंगलातून टेकडीवर जायचं. मनात हेही होतं की वन्सं खोलीवर राहतील आणि निदान एक दिवस नवरा माझा असेल.

"मी येणार," वन्सं फोनवर म्हणाल्या. "भाताच्या रोपांचे भारे डोक्यावर घेऊन मी ओढे ओलांडलेत. तू काय मला डोंगर शिकवतेस?"

"मग आधी सराव करावा लागेल," मी म्हटलं. "बारा किलोमीटर. पाठीवर सामान घेऊन."

बारा किलोमीटरची गरज नव्हती. बेटावरची वाट जाऊन-येऊन आठ भरते, हे मला ठाऊक होतं. वन्सं सातव्या किलोमीटरला बसतील, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी आम्ही बारवीच्या जंगलात गेलो. वन्संनी लांब कुडत्याखाली चक्क जीन्स घातली होती, कारखान्यातलीच, कंबरेत आत घेऊन शिवलेली. पायात नवे बूट. पासष्टाव्या वर्षी त्या जीन्समध्ये चालत होत्या आणि वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्यांना हाका मारत होत्या. सातवा किलोमीटर गेला, नववा गेला. मी मागे वळून बघायचे तर त्या माझ्या मागे दहा पावलांवर. मागे पडत होता तो माझा नवरा. एका उताराच्या पायवाटेवर तो घसरून बसला, उठला, पॅन्ट झटकली.

"लागलं का?" मी विचारलं.

"छे. फर्स्ट क्लास."

परतताना वन्सं त्याच्याबरोबर मागे राहिल्या. दोघं हळू आवाजात काही बोलत होते. मी पुढेच चालत राहिले. त्यांच्या गप्पांत मी कधी शिरत नसे, शिरले तर त्या थांबत.

त्या आठवड्यात मी बेटावरच्या गाइडला फोन केला. एका मैत्रिणीने त्याचा नंबर दिला होता. आधी त्याने मलाच प्रश्न विचारले. किती लोक, वय काय, गुडघा, दमा, बीपी कुणाला आहे? मी नवऱ्याला हाक मारून विचारलं, "गुडघे ठीक आहेत ना?" टीव्हीवरची नजर न हलवता तो म्हणाला, "ठणठणीत." मी गाइडला सांगितलं, सगळे ठणठणीत.

मग त्याने वाट समजावली. जीपने जंगलाच्या तोंडाशी जायचं. तिथून थोडं चाललं की किनारा लागतो आणि किनाऱ्याकडेने अर्धा किलोमीटर खडकांचा पट्टा आहे. ओहोटीला तो उघडा असतो, भरतीला पाण्याखाली जातो. दुसरी वाट नाही, वरती दाट जंगल आणि अलीकडे तिवरांची खाडी, तिथे मगरी. पट्टा ओलांडला की टेकडीचा चढ सुरू. तिकडे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो, म्हणून सकाळी सहाला निघायचं, टेकडी करून यायचं आणि पाणी चढायच्या आत पट्टा परत ओलांडायचा.

"गुरुवार रख लीजिए मॅडम," तो म्हणाला. "गुरुवार को साढ़े ग्यारह तक पार कर सकते हैं. बुधवार को पौन घंटा कम मिलेगा."

मी गुरुवार लिहूनही घेतला. मग जेवणाचं निघालं. हॉटेलातून डबा घ्या, तो म्हणाला, नाहीतर माझी आई करून देते, भात, डाळ, माशाचं कालवण, सगळे पाहुणे तेच मागतात. मी सहज विचारलं की तुम्ही मूळचे तिथलेच का. त्याने सांगितलं, आजोबा रांचीकडचे, आदिवासी. जंगलतोडीच्या कामाला मजूर म्हणून आणले आणि इथेच राहिले. आता ते ख्रिस्ती आहेत.

मी पेन खाली ठेवलं. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात सगळं ठरलं. वन्सं त्या बाईच्या हातचं जेवतील, हात धुतील, आणि मग मी त्यांना सांगेन. फक्त गुरुवार चालणार नव्हता. गुरुवारी दत्ताचा उपास, त्या मासे शिवणार नाहीत. बुधवारच्या आड कुठलाच उपास येत नव्हता.

"बुधवार ही रखिए," मी म्हटलं. "हम लोग तेज चलते हैं."

"टाइम कम है मॅडम."

"चलेगा. और खाना आपकी माँ का."

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझ्या यादीत बूट होते, लांब बाह्यांचे शर्ट, प्रत्येकी दोन लिटर पाणी, ओआरएस, शिट्टी, जळवांसाठी मीठ. वार का बदलला, ते यादीत नव्हतं.

बेटावर पोचलो त्या दिवसापासूनच वन्संनी मला टोचायला सुरुवात केली. बोटीत मला मळमळलं तर म्हणाल्या, "डोंगरवालीला पाणी सोसत नाय." मी खोलीचा पंखा वाढवला तर त्या उठून कमी करायच्या. मीही काही मागे नव्हते. त्यांच्या घोरण्याबद्दल मी नवऱ्याला मुद्दाम त्यांच्यासमोर सांगितलं. तो बिचारा दोघींकडे बघून हसायचा. त्याचं हे हसणं पंचवीस वर्षं चाललंय आणि त्याचाही मला राग आहे.

बुधवारी सहाला गाइड जीप घेऊन आला. चाळिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. वन्सं न विचारता पुढे त्याच्या शेजारी बसल्या आणि आपल्या कॅम्पातल्या हिंदीत त्याच्याशी गप्पा मारू लागल्या. मागे आम्हाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. खडकांचा पट्टा आम्ही सातला ओलांडला. तिथे पाणी दूर गेलेलं होतं आणि डबक्यांत निळे छोटे मासे अडकलेले होते. वर जंगलात शिरलो तर झाडांची खोडं इतकी रुंद की तिघांनी हात धरले तरी वेढा पुरला नसता. मोठे पक्षी पंखांचा सूं सूं आवाज करत डोक्यावरून गेले. नऊला टेकडीच्या माथ्यावर पोचलो. खाली हिरवं पाणी, पलीकडे दुसरी बेटं. अर्धा तास आम्ही तिघं बोललो नाही आणि त्या अर्ध्या तासात मला कुणाचाही राग आला नाही. एवढंच काय ते सुख.

उतरताना एका मुळात पाय अडकून नवऱ्याचा गुडघा मुरगळला आणि तो ओरडला. साधं ओरडणं नव्हतं ते. आम्ही धावलो. गुडघा बघता बघता सुजला. गाइडने फडकं आवळून बांधलं, एक काठी तोडून दिली आणि त्याचा हात खांद्यावर घेतला. दर दहा पावलांना थांबावं लागत होतं. मी घड्याळ बघत होते. दहा वाजले. साडेदहा. पावणेअकरा झाले तेव्हा समुद्राचा आवाजही आला नव्हता.

किनाऱ्यावर आलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. खडकांवर लाटा फुटत होत्या. गाइड कमरेइतक्या पाण्यात जाऊन आला आणि त्याने मान हलवली.

"चार बजे तक बैठना पड़ेगा," तो म्हणाला. मग काही वाईट हेतू नसताना पुढे बोलला, "कल आते तो अभी निकल जाते."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. वन्संनी ऐकलं.

आम्ही उंचवट्यावर एका झाडाखाली बसलो. नवऱ्याचा पाय ओंडक्यावर ठेवला. गाइडने डबे उघडले. भात पानांत बांधला होता. कालवणाला नारळाचा आणि कसल्याशा आंबट फळाचा वास होता. वन्सं जेवल्या. दुसऱ्यांदा भात घेतला. काटे सराईतपणे बाजूला काढत म्हणाल्या, "मासा ताजा हाय." मी त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते.

जेवण झाल्यावर गोळीने नवऱ्याला गुंगी आली. गाइड पाणी बघायला खाली गेला. मी नवऱ्याच्या गुडघ्यावर ओला रुमाल ठेवत म्हटलं, "एका मुरगळण्याने एवढं सुजत नाही. आधीपासून काहीतरी असणार."

"बारवीला घसरला तेव्हापासून दुखत होता त्याला," वन्सं म्हणाल्या.

मी वर बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानं सांगितला मला. म्हटला, बायकोला बोलू नको, ती बेत रद्द करील."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुला नाय सांगितला त्यानं, यात माझा काय दोष? कधी जवळ बसून विचारलंस त्याला? टीव्ही बघताना लांबून हाका मारतेस."

ते खरं होतं, म्हणून मला अधिकच झोंबलं. मी तिथल्या तिथे हत्यार काढलं.

"जेवण आवडलं ना वन्सं? गाइडच्या आईने केलंय. रांचीचे आदिवासी आहेत ते. ख्रिस्ती."

मी वाट बघत होते. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, बाजूला टाकली, ओठ पुसले.

"माहीत हाय मला. गळ्यातला क्रूस दिसत नाय का? जीपमध्ये सगळा विचारला मी त्याला. आई कुठली, किती पोरं, गुडघे दुखतात का तिचे."

"माहीत असून जेवलात?"

"मग काय उपाशी बसू?"

"माझ्या घरी पंचवीस वर्षं बसलात की!" माझा आवाज चढला. नवरा हलला, पण उठला नाही. "माझ्या आईचं ताट सारलंत तुम्ही. आमच्यात चालत नाही म्हणालात. मग आज कसं चाललं?"

"या बाईनं माझा काय घेतलाय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तू माझा पोरगा घेतलास. विचारलासुद्धा नाय. एक दिवस फोटो दाखवला आणि सही करायला बोलावला."

"म्हणून जात काढलीत?"

"काढली. दुसरा काय बोलले असते तर तुला लागला असता का? तू शिकलेली, कमावती. तुला लागेल असा तेवढाच होता माझ्याकडे."

मला आजवर वाटायचं की ही अडाणी बाई आहे, जुन्या समजुतीत अडकलेली. त्या समजुतीची मी मनातल्या मनात कीवही करायचे. आता कळलं की त्यांचा त्यावर विश्वासही नव्हता. मला कुठे लागेल हे बघून, पारखून त्यांनी तो शब्द उचलला होता. हे जास्त वाईट की कमी, ते मी अजून ठरवू शकले नाही. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की उठावं आणि त्यांच्या थोबाडीत मारावी.

"माझी आई गेली," मी म्हटलं. "तुम्ही हे तिला सांगायला हवं होतंत."

त्या पाण्याकडे वळल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "परतीची बोट शुक्रवारची हाय. तिकीट मी वाचलाय. मग उद्या का नाय आलो आपण?"

मी रिकामे डबे एकात एक घालू लागले.

"गुरुवारी माझा उपास," त्या म्हणाल्या. "मला हे जेवायला घालायचा होता म्हणून बुधवार घेतलास. हो का नाय?"

मी नवऱ्याच्या गुडघ्यावरचा रुमाल उलटा केला.

"चांगली माझ्या जोडीची हायस," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

चारला पाणी उतरलं. गाइडने नवऱ्याला जवळजवळ पाठीवरच घेतलं. वन्संनी त्याची आणि स्वतःची अशा दोन्ही पिशव्या उचलल्या आणि शेवाळलेल्या खडकांवरून माझ्या पुढे चालल्या. मी डबे घेऊन मागे. जीपपर्यंत पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. गाइडला मी उतरताना सॉरी म्हटलं, तर तो म्हणाला, "घुटना सच बताना चाहिए था मॅडम." नवऱ्याने तेव्हाही हसून घेतलं.

बदलापूरला घरी परत आल्यावर कळलं की गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय. ऑपरेशन झालं. मी रजा संपवून कामावर रुजू झाले आणि वन्सं रोज सकाळी उल्हासनगरहून आमच्या कात्रपच्या घरी येऊ लागल्या. मी निघायची वेळ आणि त्यांची यायची वेळ एकच. दारात आम्ही एकमेकींना ओलांडतो. आता उपासाचं नाव त्या घेत नाहीत आणि मीही जेवायचा आग्रह करत नाही. जे बोलायचं ते तोंडावर बोलतो. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवले की मी सरळ सांगते, हलवू नका. मी उशिरा आले की त्या सरळ विचारतात, कुठे होतीस.

गेल्या रविवारी फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलेल्या व्यायामावरून भांडण झालं. तिने घरातल्या घरात पन्नास पावलं सांगितली होती. वन्संचं म्हणणं होतं, तीस पुरेत, सूज आहे. मी म्हणत होते, पन्नास म्हणजे पन्नास, तुमच्या लाडानेच तो असा झाला. त्या म्हणाल्या, आणि तुझ्या घाईने पाय गेला. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो. तो मधे, वॉकर धरून.

"दोघी गप्प बसा," तो म्हणाला.

पंचवीस वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. वन्संनीही ऐकला नसावा, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. तो एकेक पाऊल टाकत आतल्या खोलीत गेला आणि आम्हां दोघींच्या तोंडावर त्याने दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही हॉलमध्ये उभ्या राहिलो. वन्सं सोफ्याच्या कडेवर टेकल्या, लगेच उठल्या. मी खिडकीपाशी गेले. शेवटी त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरू लागल्या. मी "या" म्हटलं नाही.